इतर किरकोळ दुरुस्त्या

आमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नावाच्या आधी एक छोटा चौकोन आहे. त्यावर क्लिक केलं की यादी उघडते: श्री., सौ., श्रीमती, कु., चि., कै. ह्यातलं एक निवडायचं आणि पुढे जायचं. इतकी वर्षं लोक निवडतायत आणि पुढे जातायत. मीच एकदा तिथे अडकले.

प्रोग्रॅम म्हणजे फार मोठं काही समजू नका. संस्थेच्या सभासदांची नावं, पत्ते, वाढदिवस, कोण कुणाच्या घरातलं, हे सगळं एका जागी ठेवायचं, हवं तेव्हा हवं ते शोधायचं आणि पाकिटावर चिकटवायची लेबलं छापायची. डेटाबेस म्हणतात त्याला. ठाण्यापासून आंबिवलीपर्यंतची महिला मंडळं, वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक संघ तो वापरतात. बहुतेकांचा कम्प्युटर कोपऱ्यात क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला, आणि इंटरनेट आलं तर आलं. म्हणून आमचा प्रोग्रॅम त्या कम्प्युटरच्या पोटातच राहतो, बाहेर कुठे जात नाही. लिहिते मी एकटीच, डोंबिवलीत, बंद करून घेतलेल्या गॅलरीत. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला कुंड्या. अपडेट तयार झाला की तो सगळ्यांना पाठवायचा, ह्याला आम्ही घरात 'सोडणं' म्हणायचो. "सोडलास का?" "सोडला." शेजारणीला बरेच दिवस वाटत होतं की आमच्यात कुणीतरी कुणालातरी सोडतंय.

आम्ही म्हणजे मी आणि नवरा. तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासणीला होता. तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं. त्यासाठी लोखंडी गेज असतं. भाग त्यात बसला तर पास, नाही बसला तर बाद, मधलं काही नाही. रविवारी तो माझा प्रोग्रॅमही तसाच तपासायचा. त्याला कम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तेच आमचं भांडवल होतं. नावांच्या जागी भाज्या टाकायचा. श्री. कांदा, सौ. भेंडी, कु. मिरची, राहणार मंडईच्या मागे. वाढदिवसाला एकतीस फेब्रुवारी. प्रोग्रॅमनं "ही तारीख चुकीची आहे" म्हटलं की गडी खूश. सगळं मनासारखं झालं की चहाचा कप खाली ठेवून म्हणायचा, "गेज बसला." त्यानं हे म्हटल्याशिवाय मी काहीही सोडत नसे. लोकांचे फोनही तोच घ्यायचा, कारण मला लोकांचा लगेच राग येतो. त्याला यायचा नाही. कुणी घाबरून म्हटलं "सगळी यादी गेली", तर तो आधी विचारायचा, "तुम्ही जेवलात का?"

एप्रिलमध्ये तो कारखान्यात, दुपारी डबा उघडून बसलेला असताना गेला. हार्ट. निवृत्तीला दोन वर्षं होती. बरोबरच्यांनी दुसऱ्या दिवशी डबा आणून दिला, घासून, चारही पुडं लख्ख. मला त्या वेळी एवढंच वाटलं की बरं झालं, आता घासायला नको. मग वाटलं, हे काय वाटतंय आपल्याला. मग तेही वाटायचं थांबलं.

लोक म्हणायचे, रड, मोकळी हो. मला रडू येत नव्हतं, त्याला मी काय करू. तीन महिने मी दोन माणसांच्या पोळ्या लाटत होते आणि दुसऱ्या दिवशी एकटीच फोडणीची पोळी खात होते. दुःख असतं तर मी ओळखलं असतं, आईच्या वेळचं मला माहीत आहे. हे दुसरंच काहीतरी होतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा लागतो हाताला, तसं. आपलाच, पण परका.

त्याचा मोबाइल मी चालूच ठेवला होता. मदतीसाठी सगळ्यांकडे तोच नंबर. पहिला फोन आला काकींचा. काकी म्हणजे घोडबंदर रोडवरच्या एका गावातल्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी, आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइक. गाव म्हणजे आता चहूबाजूंनी टॉवर आणि मधोमध आगऱ्यांची जुनी वस्ती, देऊळ, तळं. काकींच्या शेतावर दोन टॉवर उभे आहेत, पण त्या अजून खालच्या जुन्या घरातच राहतात, लिफ्टमध्ये जीव गुदमरतो म्हणून. कम्प्युटर त्यांना माझ्या नवऱ्यानं फोनवरून शिकवला, माउसचं शेपूट कुठल्या दिशेला ठेवायचं इथपासून.

"साहेब कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

दुपारचे बारा वाजलेले. मी म्हटलं, "कामावर." तोंडातून गेलं ते गेलंच. पुढच्या फोनला "बाहेर गेलेत", त्याच्या पुढच्याला "आत्ताच खाली उतरले". सगळ्यांनाच मी हे सांगायला लागले. नऊ महिन्यांत माझा नवरा जेवढा फिरला तेवढा जन्मात फिरला नव्हता.

आता त्या चौकोनाचं सांगते.

सरकारी कागदावर श्रीमती म्हणजे कुठलीही बाई. आमच्याकडे पाकिटावर सौ.च्या जागी श्रीमती आलं की समजायचं, नवरा गेला. हे असावं की नसावं हा वाद वेगळा, पण पाकीट हातात घेणारीला ते कळतं. काही वर्षांपूर्वी काकींच्या मंडळाकडून हळदीकुंकवाचं आमंत्रण एका बाईंना सौ. लिहून गेलं, आणि त्यांचे यजमान दिवाळीतच वारले होते. बाई आल्या. पाकीट न फोडता काकींच्या ओटीवर ठेवून निघून गेल्या. काकींनी त्याच दिवशी फोन करून नवऱ्याला सांगितलं की असं परत होऊ देऊ नका.

म्हणून मी एक सोय केली. एखाद्या पुरुषाच्या नावाआधी कै. निवडलं की लगेच चौकट येते: 'पत्नीचे संबोधन सौ. ऐवजी श्रीमती करायचे का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. मला तिसरं बटण हवं होतं, 'नंतर'. नवरा ऐकेना.

"नंतर म्हणजे कधीच नाही," तो म्हणाला. "नंतर दाबतील आणि चहा प्यायला जातील. पुन्हा पाकीट परत येईल."

"अरे, एखादीला वेळ लागतो," मी म्हटलं.

"भाग बसतो तरी, नाही तर बसत नाही."

शेवटी त्याचंच खरं झालं. वर मी माझा शहाणपणा केला. उत्तर न देता कुणी प्रोग्रॅम बंद केला, तर पुन्हा उघडल्यावर पहिली तीच चौकट समोर येते. आणि काकींना हवा म्हणून लेबलांसाठी एक फिल्टर दिला, 'फक्त सौ.'. तो लावला की यादीतून तेवढ्या सवाष्णी निघतात, हळदीकुंकवाची पाकिटं बरोबर त्यांनाच जातात, बाकीच्यांना जातच नाहीत. अर्ध्या तासात लिहिला मी तो. काकींनी खूश होऊन आमची दोघांची नावं त्यांच्या यादीत घातली, बाहेरगावचे पाहुणे म्हणून. तेव्हापासून दर संक्रांतीला मला पाकीट यायचं. मी एकदाही गेले नाही, डोंबिवलीहून घोडबंदरला कोण जाणार. फिल्टर लिहिताना माझ्या मनात काही आलं नव्हतं. तेव्हा मी सौ. होते.

तपासायला आम्ही घरचीच एक यादी वापरायचो. नातेवाईक, शेजारी, भाज्या, आणि सगळ्यात वर आम्ही दोघं. जूनमध्ये मी जरा काम हातात घेतलं, तर छापलेल्या पहिल्याच लेबलावर श्री. आणि त्याचं नाव. म्हटलं, चला, हे एक बदलून टाकू. बँकेत बदललं, गॅसचं बदललं, सोसायटीच्या पाटीवरचं बदललं, ह्यात काय एवढं. कै. निवडलं. चौकट आली. माझीच चौकट, माझेच शब्द. हो आणि नाही.

मी बघत बसले. हो दाबवेना. नाही दाबणं खोटं. मग मी प्रोग्रॅमच जबरदस्तीनं बंद केला. पुन्हा उघडला तर पहिली तीच. दुसरी यादी घेऊन काम करता आलं असतं, पाच मिनिटांचा प्रश्न होता. नाही घेतली. का, ते मला विचारू नका. सहा महिने मी रोज सकाळी कम्प्युटर लावायचे, चौकट बघायचे, बंद करायचे आणि मशीनमधले कपडे वाळत घालायचे. समोरच्या बिल्डिंगमधून बघणाऱ्याला मी कामात आहे असंच वाटत असणार.

डिसेंबरात मला तोडगा सुचला, आणि तो इतका शहाणपणाचा वाटला की मी उठून आल्याचा चहा केला. बायकांमध्ये तीन तीन प्रकार हवेतच कशाला? पुरुषाला सगळीकडे श्री., लग्न झालेलं असो नसो, बायको असो नसो. मग बाईलाही सगळीकडे श्रीमती. चौकोनातून सौ. आणि कु. काढून टाकायचं. सौ.च नसेल तर चौकट विचारणार काय? तीही काढून टाकायची. तत्त्व म्हणून ह्यात काही चूक नाही, आजही त्यावर मी कुणाशीही भांडेन. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा तत्त्वाशी देणंघेणं नव्हतं. एका प्रश्नाचं उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी तमाम बायकांना एका बादलीत भिजवायला निघाले होते. सगळेच कपडे एकत्र भिजवले की कुणाचा रंग गेला ते कळत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अपडेट सोडला. गेज बसला म्हणायला कुणी नव्हतं, मीही कुणाला दाखवला नाही. प्रत्येक अपडेटबरोबर 'काय नवीन' म्हणून चार ओळी जातात. त्या तो लिहायचा, आणि एकेक बदल समजावून सांगायचा. "आता एका पत्त्यात दोन पिनकोड टाकता येणार नाहीत. जे टाकत होते त्यांनी मनातल्या मनात शरमावं." लोक प्रोग्रॅमपेक्षा त्या ओळींची वाट बघायचे. मी लिहिलं, 'स्त्रियांसाठी एकच संबोधन. इतर किरकोळ दुरुस्त्या.' किरकोळ दुरुस्त्या काही नव्हत्या. ते आपलं असंच लिहितात. संक्रांत आठवड्यावर आली होती हे माझ्या डोक्यातही नव्हतं, घरात तीळसुद्धा आणले नव्हते.

घरच्या यादीत मी श्रीमती झाले, सौ. भेंडीबरोबर. चौकट आली नाही. मी छान झोपले.

दोन दिवस शांत गेले. मग फोन सुरू झाले. कल्याणच्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल, निवृत्त शिक्षक, मोजून बोलणारे. ते म्हणाले, "आपली भूमिका पुरोगामी आहे, मी तिचं स्वागतच करतो. परंतु आमच्या यादीत माझ्या पत्नीचंही नाव आहे, आणि ती सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही." आंबिवलीच्या एका भगिनी मंडळानं नुसतंच विचारलं, "सगळ्यांनाच का?" दोघांनाही मी म्हटलं, बघते. मला ना वाईट वाटलं ना हसू आलं.

तिसरा फोन काकींचा.

"बाय, साहेबांना दे."

"बाहेर गेलेत. काय झालं? मला सांगा."

"मना कम्प्युटर बोलतो, गावात एकपन सवाष्न नाय."

मला कळेना. "कोण बोलतो?"

"कम्प्युटर. हलदीकुंकवाची पाकिटं छापायला बसले, फक्त सौ. दाबला. तर बोलतो, शून्य नोंदी सापडल्या. अगो, माजा दादला समोर बसून भाकर खातो. त्याला दाखवला. तो बोलतो, मंग मी कोन?"

फिल्टर. चौकोनातलं सौ. मी काढून टाकलं होतं आणि 'फक्त सौ.' तसाच राहिला होता. ही चूक नवऱ्यानं पाच मिनिटांत पकडली असती. सौ. भेंडीला हळदीकुंकवाला बोलावून बघितलं असतं आणि म्हणाला असता, बसत नाही. मी काकींना म्हटलं, माझी चूक आहे, उद्यापर्यंत सरळ करते.

त्याची एक सोय तेवढी कामाला आली. अपडेट बसण्याआधी जुनी यादी जशीच्या तशी बाजूला काढून ठेवायची, 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये. हट्टानं करून घेतली होती माझ्याकडून. त्यातून सगळं परत आणणारी दुरुस्ती मी त्याच दिवशी लिहिली. सौ. परत, चौकट परत, प्रत्येकीचं जे होतं ते परत. सोडली. कल्याणच्या सरांचा निरोप आला की घरात बोलणं सुरू झालं आहे. काकींचं मात्र काही होईना. मी फोनवर म्हटलं, "'जुनं' नावाचं फोल्डर दिसतंय का बघा."

"होता. टाकला."

"टाकला म्हणजे?"

"भोगी आली नाय? घर झाडायला काढलेला. कम्प्युटरपन झाडला. वर लिवलेला जुनं, मंग कशाला ठेवू?"

फोल्डरला नाव मीच दिलेलं. मी म्हटलं, उद्या येतेच मी तिकडे.

"साहेबांना पन आन," काकी म्हणाल्या. "इतकी वर्सं बोलतो, तोंड नाय बघितला."

मी दुसऱ्या दिवशी गेले. ठाण्यापर्यंत कशी पोचले ते आठवत नाही. माजिवड्याच्या पुढे बस पाऊण तास एका जागी उभी होती. सगळी बस वैतागलेली, कुणी खाली उतरून पुढे बघून येतंय, कुणी फोनवर साहेबाला समजावतंय. मी एकटी आरामात होते. मांडीवर पर्स, पर्समध्ये पेनड्राइव्ह. ती बस तशीच उभी राहिली असती तरी माझी तक्रार नव्हती.

काकी ओटीवरच उभ्या होत्या. माझ्या मागे बघितलं त्यांनी. "साहेब?"

"नाही आले."

"बरा," त्या म्हणाल्या, आणि आत नेऊन आधी पाणी दिलं, मग चहा, मग ताटलीत तिळाचे लाडू. मी एक लाडू हातात धरून कम्प्युटर सुरू केला.

दुरुस्ती बसली. चौकोनात सौ. परत आलं. पण त्यांच्या यादीतली प्रत्येक बाई श्रीमतीच राहिली होती, आणि कोण काय आहे हे आता फक्त काकींना माहीत होतं. म्हणून काकी माउस घेऊन बसल्या आणि मी शेजारी वही घेऊन, झालेल्या नावांवर टिक करायला. काकी नाव वाचायच्या, त्या घराच्या दिशेनं मान वळवायच्या आणि ठरवायच्या.

"ही सौ. ही सौ. हिचा सोडून गेला, पन जिता हाय, सौ. ही कुमारीच. ही सौ., ही पन सौ., हिला आधी कर नायतर मना मारील."

आणि मधेच एखादं नाव यायचं, त्यावरून काकी न वाचता पुढे जायच्या. त्या नावाला हात लावायचा नसायचा, ते आधीच श्रीमती होतं. पहिल्यांदा मला वाटलं, चुकून सुटलं. मग लक्षात आलं की ज्यांचा गेलाय त्यांचं नाव त्या तोंडानं घेतच नाहीयेत. घाईघाईनं नाही, सहज. जिन्यातली तुटकी पायरी रोजचा माणूस ओलांडतो तसं.

आमची ओळ यादीच्या शेवटाकडे होती. वर तो, खाली मी. काकी त्याच्यावरून खाली उतरल्या.

"ही तर तू," त्या हसल्या. "सौ." आणि क्लिक केलं.

मी टिक केली. पुढचं नाव आलं, सौ., टिक. त्याच्या पुढचं, सौ., टिक.

मला काय वाटलं ते सांगते. बरं वाटलं. जगातल्या एका तरी यादीत तो श्री. होता, मी सौ. होते, आणि तो नुसता बाहेर गेला होता. त्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मी गप्प बसले की झालं. दर संक्रांतीला पाकीट येत राहिलं असतं. पाचव्या नावावरून काकी न वाचता पुढे गेल्या. ती कोण हे मला माहीत नाही. पण मला एकदम ते परत आलेलं पाकीट आठवलं, न फोडलेलं. हेही पाकीट माझ्या दारात येणार होतं, सौ. लिहून, आणि ते मी कुणाच्या ओटीवर नेऊन ठेवणार होते?

"काकी, जरा मागे चला," मी म्हटलं. "माझ्या वरचं नाव."

"साहेबांचा? तो बरोबर हाय."

"त्यांना कै. करा."

काकींचा हात माउसवर तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पडद्याकडेच बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "कवा?"

"एप्रिलमध्ये."

"आनि मी फोन करायचे तवा?"

"तेव्हा नव्हतेच."

काकींनी माउस हलवला. चौकोन उघडला, यादीत खाली खाली गेल्या आणि कै. निवडलं. चौकट आली. काकी पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचतात, वाचल्याशिवाय काही दाबायचं नाही असं त्यानंच शिकवलेलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "पत्नीचे. संबोधन. सौ. ऐवजी. श्रीमती. करायचे का." मग थांबल्या.

"मी काय दाबू, बाय?"

सात महिने मला हे कुणी विचारलं नव्हतं. कम्प्युटर विचारत होता, पण ते विचारणं मीच लिहिलेलं. "हो दाबा," मी म्हटलं.

त्यांनी दाबलं. चौकट गेली. एवढंच होतं.

उरलेली पाच-सहा नावं झाली. काकींनी 'फक्त सौ.' लावला आणि छापायला सोडलं. प्रिंटर त्यांच्यासारखाच जुना, प्रत्येक पान ओढताना कण्हायचा. पानं टेबलावर पसरत गेली. काकींनी प्रत्येक पानावरून बोट फिरवलं, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. मग पुन्हा शेवटच्या पानाकडे आल्या.

"तुजा नाय आला," त्या म्हणाल्या.

"येणार नाही. फक्त सौ. आहे ना ते. मीच तसं लिहिलंय."

काकी पानाकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "म्हणजे बरोबर चालतंय. गेज बसला."

ते शब्द माझ्या तोंडून त्याच्या सुरात निघाले, आणि मग मला आवरेना. नऊ महिन्यांचं एकदम आलं. मी टेबलावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखी आवाज करून रडले. शाई अजून ओली होती. काकींनी आधी माझ्या तोंडाखालची लेबलं हळूच सरकवून घेतली, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवला.